झंखनाची चणिया-चोळी

सुरत, शीतळा सातम

भाभी, रसीलाचे जय श्रीकृष्ण.

तुमची झंखना माझ्याकडे मजेत आहे, शाळेला वेळेवर जाते. भाईंची साखर कशी आहे? आज चूल पेटवायची नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर बोलले नाही, पोरीचे कान तिखट आहेत.

आषाढात तिने गौरीव्रत केलं, पाच दिवस अळणी जेवली. ते संपलं तरी हिचे उपास काही संपेनात. सोमवार झाला की मंगळवार, मग एकादशी. माझ्या सासूबाई खूश, "अशी भाविक पोर पाहिली नाही!" मला मात्र संशय आला. भाविक पोर उपासाचा राजगिऱ्याचा शिरासुद्धा का टाकते?

शाळेचा डबा रोज रिकामा येतो. परवा मी मागोमाग गेले. कोपऱ्यावरची गाय हिला बघताच धावत आली आणि माझी सगळी थेपली तिच्या पोटात गेली! वर मलाच, आपल्या आत्याला, सांगते, "फोई, पुण्य लागतं." हिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हो!

मग मी कपाट उघडलं. तुम्ही नवरात्रासाठी पाठवलेली चोळी दाराला समोरच टांगलेली. टेप लावून पाहिली. पोर एवढी वाळली, तरी चोळी तिला अजून दोन इंच कमी पडते.

विचारलं तर म्हणाली, "मम्मीने सांगितलंय, चोळी उसवायची नाही. मीच तिच्यात मावायचं."

भाभी, पोर हल्ली खोटं बोलते. हेही खोटंच असेल ना?

चोळी मी उसवून ठेवली आहे.

तुमची नणंद,
रसीला