बटनच्या आयाळीचं शेवटचं झुलूप

मी, डेल्फिया रॉश, कै. ऑरिन रॉशची बायको, वय चोपन्न, शाळा आठवीपर्यंत, राहणार ब्रॅम्बल क्रीक, मिसुरी, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते. अशा कागदात ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असं घालावं लागतं म्हणे. दबाव आहे. लग्न होऊन इथं आले तेव्हापासून आहे. हा कागद तेवढा त्यातून सुटलेला समजावा.

उद्या माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. आत काय वाढलंय ते उघडल्यावरच कळणार. हे मी माझ्या नणंदेला, अर्डिथला, सांगितलं तर म्हणते, “उद्या ना? मग आज बटनला भादरून ठेव. शनिवारी घोड्यांची उंची मोजायला मापाडी यायचाय.” म्हणून हे लिहायला घेतलं.

कलम पहिले, घर. माझं घर चाकांवरचं, पण उभं अर्डिथच्या जमिनीवर. चाकं ऑरिननं पहिल्याच वर्षी काढली आणि बहिणीच्या गवताच्या गाडीला लावली. म्हणाला, “आपल्याला कुठं जायचंय?” तेव्हा हसले होते मी. तो गेल्यावर निघायचं म्हटलं तर घर हलेना. आता ते अर्डिथलाच राहू दे. नाहीतरी तिच्याच चिखलात रुतलंय. चाकं मात्र गाडीची काढून माझ्या दारात आणून टाकावीत. उपयोग काही नाही. तरी टाकावीत.

कलम दुसरे, पैसे. कॉफीच्या डब्यात आहेत ते माझ्या मातीला लावावेत. उरले तर चर्चच्या स्वयंपाकघरात चांगली कढई घ्यावी, आत्ताचीत सगळं करपतं.

कलम तिसरे, भादरायचं मशीन आणि त्याची पाती. ही अर्डिथला. तिचे घोडे माणसाच्या कमरेएवढे, पण थंडीत अंगावर अस्वलाचे केस. मे महिन्यात प्रदर्शनं सुरू होतात, त्याआधी सगळे उतरवून अंग मखमलीसारखं दिसायला हवं. आधी कोमट पाण्यानं धुवायचं, पुरतं वाळवायचं, मग केसांच्या उलट मशीन फिरवायचं. न धुता फिरवलं तर पातं बोथटतं आणि अंगावर पट्टे उठतात. ते केस नाकातोंडात जातात. इतकी वर्षं तिच्या घोड्यांचे केस मी गिळले, बक्षिसांच्या फिती तिच्या भिंतीवर. आता एकदा स्वतः फिरवून बघावं. खोकला येईल. येऊ दे.

कलम चौथे. हे नीट वाचावं, बाकीच्या कलमांचं काही झालं तरी चालेल.

बटन माझा आहे. जन्मला तेव्हा उठता येत नव्हतं, तर अर्डिथ म्हणाली, “जगला तर तुझा.” कागदही माझ्या नावावर करून दिला, मरणारच म्हणून. मी बाटलीनं दूध पाजून जगवला. मग तो असा देखणा निघाला की तिची नजर फिरली. परवा तोंडावर म्हणाली, “तुझं काही बरंवाईट झालं तरी बटन इथंच राहील. कागद कुणाचाही असू दे, चारा माझा खातो.”

डिसेंबरपासून तो तबेल्यातल्या खणात बंद आहे. केस लवकर गळावेत म्हणून रात्रीही डोक्यावर दिवा. अंगावर झूल, मान बारीक दिसावी म्हणून मानेला पट्टा. आमचा नालबंद ल्यूथर प्राइबिल खूर कापायला येतो, तो एकदा म्हणाला, “वहिनी, याला मातीत लोळताना मी कधी बघितलंच नाही.” मी म्हटलं, “मला तरी कुठं बघितलंयस?” तो हसला. मग हसायचा थांबला.

बटन मी ल्यूथरला देते. त्याच्याकडे कुरण आहे, एक म्हातारं गाढव आहे, आणि त्याला फितींचा सोस नाही.

नुसत्या कागदानं अर्डिथ ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज काय केलं तेही लिहिते. या घोड्यांची उंची खांद्यावर मोजत नाहीत. आयाळीचा शेवटचा केस जिथं संपतो तिथं काठी लावतात. चौतीस इंचांच्या वर गेला की नाव जातीच्या नोंदवहीतून बाद, प्रदर्शनंही बंद. बटन पाचचा झालाय, म्हणजे शनिवारचं माप कायमचं. त्याच्या आयाळीचं शेवटचं झुलूप खांद्याच्या उंचवट्याच्या मागं, पाठीच्या खोलगट जागेत उगवतं, म्हणून तो कसाबसा मापात बसतो. ते उडालं की काठी पुढं उंचवट्यावर लागते आणि माप वाढतं. ते झुलूप उडवणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

दुपारी भादरताना अर्डिथ दारात येऊन उभी राहिली. “शेवटाला हात लावू नकोस हं, डेल्फी.”

“आजवर कधी लावलाय?”

“नाही. म्हणून तर तुला ठेवलीय,” म्हणाली आणि गेली.

मी मशीन मागंपर्यंत फिरवलं. झुलूप खाली पडलं. काठी लावून पाहिली. मापात बसत नाही. वरून झूल घातली.

शनिवारी अर्डिथ किंचाळेल, “न्या हा उंट माझ्या तबेल्यातून!” तेव्हा ल्यूथरनं वाद न घालता दोर धरावा आणि निघावं. उन्हं तापेपर्यंत झूल अंगावर ठेवावी, भादरलेलं जनावर गारठतं. मग काढून जाळावी, दिवा लावू नये, चिखल दाखवावा.

मी उद्या वाचले तर पहिली तीन कलमं फाडावीत. मी परत याच घरात येणार, दुसरं आहे कुठं? अर्डिथ काय करायचं ते करेल. चौथं कलम मात्र मी जगले तरी लागू. बटनला मला भेटवायला इकडे आणू नये. एकदा बाहेर पडलेल्याला या फाटकातून परत आत घालू नये.

ल्यूथरला घोडा मिळतोय, म्हणून त्याची साक्ष चालत नाही. साक्षीदार दुसरे घेतले आहेत. कागद शनिवारपर्यंत डाकघरातल्या इमोजीनकडे राहील, त्या दिवशी सकाळी तिनं तो ल्यूथरला द्यावा.

सही: डेल्फिया रॉश
ब्रॅम्बल क्रीक, मिसुरी
बुधवार, १० एप्रिल २०१९

साक्षीदार:
१. वेंडेल कोप, पशुखाद्याचं दुकान
२. इमोजीन ट्रास्क, डाकघर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीत होत्या. अंगभर घोड्याचे केस होते, झटकून देऊ का विचारलं, तर राहू दे म्हणाल्या.