मधाचा जास्तीचा चमचा

मंगळवार, दिवेलागण

दुपारी मागच्या खोलीत सुतळी बॉम्ब उडावा तसा आवाज झाला. घरी केलेल्या मधाच्या बियरची एक बाटली फुटली. काच दाराच्या फळीत रुतून बसली आहे. बायको अंगणात हळद वाळत घालत होती, म्हणून वाचली.

चूक माझीच. फेस भरपूर यावा म्हणून भरताना प्रत्येक बाटलीत चमचाभर मध जास्तीचा घातला, आणि वर बुचं तारेनं आवळली. मध आत आंबतच राहणार, मग हवा जाणार कुठून? मोबाइलवर पाहून शिकलो अन् अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो. काहून घातला तो चमचा?

उरलेल्या बाटल्यांवर ओली गोणपाटं टाकली. पण दोन बाटल्या काल सेनगावच्या व्याह्यांना दिल्यात! त्यांनी फोन उचलला नाही, म्हणून त्यांच्या घरी दिलेल्या लेकीला लावला. तर ती हसायलाच लागली.

"बाबा, मामंजींचा फोन इथंच चार्जिंगला हाय. ते शिरड शहापूरला गेले, पाहुण्यायला तुमची बियर चाखवायला. भरल्या जीपमधी दोन्ही बाटल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. म्हणले, व्याह्यांची मेहनत हाय, धक्क्यानं फुटायला नको!"

मी चमच्याचं सांगितलं, तसं पोरीचं हसू थांबलं. जावई मोटरसायकलनं जीपच्या मागं निघालेत. अजून कुणाचाच फोन नाही.

हे लिहीत असतानाच गोणपाटाखाली दुसरी बाटली फुटली. ती तर गार होती. जागची हललीसुद्धा नव्हती.