शिवणीच्या बुडाशी देव निघाला

मोहर्ली, गुरुवार

तीर्थरूप वारलूभाऊजींस धाकटा साळा प्रफुल याचा वाकून रामराम.

इकडे आम्ही जिवंत आहो, तुमी मुलचेऱ्यात कसे आहा? रंजीताबाईची कंबर कशी आहे? (मागच्या खेपेले मले वाढून उठताना तिनं भिंत धरली, तवापासून माह्या जीवाले घोर आहे.)

भाऊजी, मले अजून घाम फुटून राह्यला. इथल्या रिसॉर्टात मी माळी आहो हे तुमाले माहीत आहे, अन् गेटाजवळचं ते शिवणीचं झाड, ती शिवण बोटाएवढी असताना मीच नर्सरीतून आणून लावली, हेही मी तुमाले दहादा सांगितलं आहे. सहा वर्षं पोटच्या पोरावाणी जपली. औंदा ऊन लय तापलं, अन् कोणी तरी म्हटलं का आच्छादनानं ओल टिकते. मंग मी काय हात आखडता घेणारा माणूस आहो? पालापाचोळा, धानाचं तणस, वरून माती, असा कंबरेएवढा ढीग केला, खोडाले गच्च चिकटवून. (रिसॉर्टाच्या साहेबानंही पाठ थोपटली. तोही शहाणाच.)

सोमवारी नागपूरहून झाडं तपासाले दामिनी मॅडम आल्या. ढीग पाहून त्या किंचाळल्याच! मले वाटलं घोणस निघाली. त्यांनी हातानं थोडा पाला सारला अन् अरे बापा! साल भिजल्या पोळीवाणी बोटाले लागून आली. आत उधई, म्हणजे वाळवी, वळवळून राह्यली. नवी मुळं जमिनीत जायाचं सोडून ढिगात वर चढली अन् खोडालेच फास देऊन बसली. मॅडम म्हणे, मुळाले हवा लागते, खोडाचं बूड उघडं पाहिजे, आच्छादन खोडापासून वीतभर दूर अन् चारच बोटं जाड पसरायचं. आठ दिवसांत मोकळं केलं तं वाचंल, नाई तं गेलं.

मी लगेच फावडं आणलं, तं मंजुषाबाई आडवी! (आमच्या रिसॉर्टात स्वयंपाक करते. तिच्या हातचं वांगं खाऊन पाहुण्यांच्या डोळ्यांले धार लागते.) म्हणे, खबरदार, हे वारूळ आहे, आत देव आहे. अन् खरंच भाऊजी, उधईनं ढिगावर माती चढवलेली, त्यावर हळद, कुंकू, नारळ, लाल कापड. दर सोमवारी दूध ओततात म्हणे, म्हणजे ओल अजून वाढली! मी म्हटलं, बाई, हे मीच टाकलेलं तणस आहे. तं म्हणे, देव काय तुले विचारून येईल? मांगं गावातल्या वीस बाया. साहेब ऑफिसात लपला. सफारीच्या जिप्सीतले पाहुणे वाघ सोडून माहेच फोटो काढून राह्यले. मी फावडं ठेवलं अन् संडासात जाऊन रडलो, खोटं काऊन सांगू?

आज शेंड्याची पानं पिवळी दिसली.

रंजीताबाईले नमस्कार, लेकरांले पापे. तुमच्याकडे निघालेल्या एका ड्रायव्हरच्या हाती आजच ही चिठ्ठी धाडतो, म्हणून इथीच थांबतो.

तुमचा
प्रफुल

ता. क. – तुमच्या अंगात देव येते हे इकडच्या बायांलेही ठाऊक आहे. शनिवारी सकाळच्या गाडीनं याच. अंगात आणा अन् देवाच्या तोंडून म्हणा का मले इथी गुदमरते, तळ्याच्या पाळीवर नेऊन ठेवा. कोंबडी माह्याकडून.

आणखी ता. क. – फक्त पहिलं कुंकू कोणी लावलं हे देवानं सांगू नये. ड्रायव्हर लोक त्या ढिगावर लघवीले उभे राहत, म्हणून मीच एका पहाटे कुंकू लावून नारळ ठेवला होता.

शेवटची ता. क. – अन् काल कोणी पाहत नाई असं पाहून मी त्याच ढिगाले नवस बोललो, का माही शिवण वाचव. तुमी देव हलवल्यावर तो नवस कुठी फेडायचा, तेही अंगात असतानाच विचारून घ्या.