पाणी दिसावं, पण जवळ नसावं

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळचा चहा.
ठरलं. यंदाच्या कोजागिरीला मी आणि मंजूषा, दोघंच, सातपुड्यात तवा धरणाच्या पाण्याकाठी टेंटमध्ये.
मंजूषा ३० सप्टेंबरला बँकेतून रिटायर होते आहे. काल विचारलं, काय हवं? मला वाटलं साडी म्हणेल. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या साइटवर आले होते, तेव्हा धरणाचं पाणी दाखवून म्हणाला होतात की एका पौर्णिमेला इथे तंबू ठोकू. तो ठोका. मी विसरलो नव्हतो. योग्य जागा मिळत नव्हती, एवढंच.
तिची अट एकच: मंडळाला कळता कामा नये. आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीचं दूध दरवर्षी तीच आटवते, हॉलच्या तळघरात. बाकी सगळे गच्चीवर. इतक्या वर्षांत तिने कोजागिरीचा चंद्र म्हणे बघितलेलाच नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मी कार्यवाह. गच्चीवर माइकपाशी असतो.
संकल्प: कोणाला सांगणार नाही. मंगळवारपर्यंत जागा पक्की. आजपासून अंगणात चटईवर झोपण्याचा सराव.

२५ ऑगस्ट, सोमवार.
जागा निवडणं हे माझं क्षेत्र. सिंचन खात्यात आयुष्य गेलं. फाउंडेशन, अ‍ॅप्रोच रोड, पूररेषा. लोक नुसते फोटो बघून बुकिंग करतात याची कीव येते.
तीन कॅम्प काढले. अ: अगदी पाण्याकाठी, सागाच्या जंगलात. ब: टेकडीवर, पाणी खाली दिसतं. क: हायवेजवळ, पाणी असल्याचं सांगतात. कॅम्प अ-च्या लखनला फोन केला. म्हणाला, साहब, पूनम है, जल्दी बता दीजिए. अशा दबावाला मी नोकरीत कधी बळी पडलो नाही. म्हटलं, तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय मंजुरी नाही.
रात्री चटई. डास फार. आत आलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार.
मंजूषाला कॅम्प अ-चा फोटो दाखवला. बराच वेळ बघत होती. म्हणाली, हाच. भावनेच्या भरात घेतलेला निर्णय. तिला दोष देत नाही, ती बँकेतली.
बाळूला सांगितलं. हे सांगणं नव्हे, तांत्रिक मत घेणं. बाळू माझ्याच खात्यातला, चार इमली कॉलनीत आमच्या शेजारच्याच बंगल्यात राहतो, पोटात गोष्ट ठेवणारा माणूस.

२८ ऑगस्ट, गुरुवार. आरतीनंतर.
बाळूने बायकोला सांगितलं. कुसुमवहिनींच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे बाळूने आधी सांगायला हवं होतं.
मंडळाच्या गणपतीत अध्यक्षा रत्नप्रभाताईंनी गाठलं. रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. त्यांच्यासमोर मी आजही हात मागे बांधून उभा राहतो. म्हणाल्या, भालचंद्र, तू म्हणे तळ्याकाठची जागा बघतोयस. किती वर्षं त्या गच्चीवर ट्यूबलाइटखाली कोजागिरी करायची? सगळेच जाऊ.
मी हो म्हटलेलं नाही. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. मी फक्त 'बघू' म्हणालो. त्यांनी प्रसाद वाटायच्या आधी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणसाने काय करायचं?
मंजूषा निरांजनाची वात पुढे सारत होती. तिने वर बघितलं नाही. आवाज पोचला नसावा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
पोचला होता.
मी समजावलं की यात तिचाच फायदा आहे. दोघंच गेलो असतो तर मी कार्यवाहपद सोडून पळालो असं झालं असतं. आता तळं तेच, चंद्र तोच, वर मंडळही खूश. एका दगडात दोन पक्षी. तिने विचारलं, टेंट दोघांचाच असतो ना? म्हटलं, हो, अठरा जण आले तर नऊ टेंट. हिशेब सोपा आहे. ती भाजी चिरायला गेली.

७ सप्टेंबर, रविवार.
मीटिंग. सूचना आल्या.
कुसुमवहिनींचे गुडघे: कमोड हवा, आणि टेंटला लागून. कॅम्प अ-मध्ये संडासला टॉर्च घेऊन जावं लागतं.
रत्नप्रभाताई: पाणी दिसावं, पण जवळ नसावं. दमट हवेत त्यांना खोकला होतो.
गौरांग (बाळूचा पुतण्या, सॉफ्टवेअरवाला): काका, वहाँ नेटवर्क आएगा क्या? वर्क फ्रॉम टेंट करना पडेगा.
बाळू: बिबट्या.
सगळ्या सूचना मी तक्त्यात घेतल्या. लोकशाही अशीच चालते. मंजूषा चहा देऊन गेली. तिची काही सूचना आहे का, असं विचारायचं राहिलं. मिनिट्समध्ये 'सूचना नाही' असं घातलं.

१३ सप्टेंबर, शनिवार.
कॅम्प अ बाद. मनाला लागलं. पण निकष म्हणजे निकष.
मंजूषा बिट्टन मार्केटच्या हाटातून पालक, आलं आणि स्वतःसाठी कॅनव्हासचे बूट घेऊन आली. म्हटलं, बघ, तूही आता उत्साहात आलीस. ती बूट घालून अंगणात फिरत होती.
सरावात बदल. चटईऐवजी पलंग, पण खिडकी उघडी.

२० सप्टेंबर, शनिवार.
कॅम्प ब बाद. चढ. गुडघे. शिवाय टेकडीवर वारा असतो, वाऱ्यात गॅस पेटत नाही, आणि दुधाचं काय?
क वर एकमत होण्याच्या बेतात होतं. मग रत्नप्रभाताईंना कळलं की तिथे ट्रकवाले जेवायला थांबतात. क बाद.
लखनचा पुन्हा फोन. एक ही टेंट बचा है साहब, पानी के सबसे पास वाला. म्हटलं, आम्हाला नऊ लागतात. म्हणाला, साहब, पहले तो आपने दो लोगों का पूछा था. मी फोन ठेवला. या लोकांना प्लॅनिंगची कल्पना नसते.
तोंड जरा कडू झालं. अ‍ॅसिडिटी.

२७ सप्टेंबर, शनिवार.
ब्रेकथ्रू! रत्नप्रभाताईंच्या भाच्याचं रायसेन रोडला मॅरेज गार्डन आहे. अंतर थोडं. कमोड आहेत. नेटवर्क आहे. बिबट्या नाही. झाडं आहेत, अशोकाची, रांगेत. डोंगर हवा स्वच्छ असली की दिसतो. आणि मध्यभागी कारंज्याचं टाकं, म्हणजे पाणी आलंच. दिसतं, आणि जवळ जावं लागत नाही.
तक्त्यातल्या सगळ्या निकषांना उतरलेली ही एकमेव जागा. मी घरी येऊन जोरात सांगितलं. मंजूषा म्हणाली, तंबू? म्हटलं, मांडव आहे ना, त्याहून मोठा.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी. मला बरं वाटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार.
मंजूषा रिटायर झाली. बँकेने शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. मी भाषण केलं, त्यात कॅम्पच्या निवडप्रक्रियेचा थोडक्यात आढावा घेतला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
मॅरेज गार्डनला त्याच रात्री साखरपुडा लागला. भाचा म्हणाला, बिझनेस आहे मामी, समझा करो.
इमर्जन्सी मीटिंग. ठराव एकमताने मंजूर: कोजागिरी मंडळाच्या गच्चीवर. ट्यूबलाइट मात्र नवीन.
रत्नप्रभाताई म्हणाल्या, दूध मंजूषाच बघेल, नाही का? मी म्हटलं, म्हणजे काय.

४ ऑक्टोबर, शनिवार.
मंजूषाने शांतपणे सांगितलं. पाण्याच्या सगळ्यात जवळचा तो शेवटचा टेंट तिने त्याच वेळी, मी फोन ठेवला त्या दिवशी, लखनकडून घेतला होता. उद्या सकाळच्या गाडीने सोहागपूर, पुढे जीप.
म्हटलं, एकटी? म्हणाली, टेंट दोघांचा आहे. तिकिटंही दोन आहेत. अहो, चला.
मी तिला परिस्थिती समजावून सांगितली. कार्यवाह. ऐन कोजागिरी. टाळ्या पडलेल्या. रत्नप्रभाताईंना काय सांगू? ती म्हणाली, सांगा की बायकोबरोबर गेलो. हे तिला इतकं सोपं वाटतं याचंच मला आश्चर्य वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
गेली. बूट घालून. राणी कमलापती स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटेपर्यंत तिने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली नव्हती.
एका अर्थी हा पाहणी दौराच आहे. पुढल्या वर्षी मंडळाला उपयोगी पडेल. रत्नप्रभाताईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग दूध?

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.
दूध मी बघणार. त्यात काय आहे? ढवळायचं. माइक गौरांगकडे दिला.
तळघरात आहे. एकच झरोका, तोही स्कूटर स्टँडकडे. पातेलं फार मोठं. हात सारखा फिरता ठेवावा लागतो, त्यामुळे हे डाव्या हाताने लिहितोय. वरून गाण्याच्या भेंड्या ऐकू येतात. कुसुमवहिनी दोनदा जिन्यात डोकावून म्हणाल्या, भावजी, झालं का? एकदाही कोणी खाली उतरलं नाही.
इथे बसायला स्टूलसुद्धा नाही. दरवर्षी ती काय करायची?
थोडा वेळ लिहीत बसलो. दूध खाली लागलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ.
सगळे दूध प्याले. रत्नप्रभाताई म्हणाल्या, भालचंद्र, यंदा जरा धुरकट चव आहे, केशर जुनं का? मी हो म्हटलं.
मंजूषाचा फोन. नेटवर्क फक्त एका खडकावर येतं, त्यावर चढून बोलत होती. संडास खरंच लांब आहे म्हणाली, जाताना मजा येते. लखनच्या बायकोने चुलीवर दूध करून दिलं, हिला हात लावू दिला नाही. चंद्र पाण्यात उतरला तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती बसून होती, आणि मग मला हाक मारणार होती, सवयीने. तुम्हाला दिसला का, तिने विचारलं. म्हटलं, छान दिसला, गच्चीवरून.
हे खोटं आहे. इथे लिहायला हरकत नाही.
टेंट आणखी एका रात्रीसाठी रिकामा आहे म्हणाली. आजही चंद्र जवळजवळ तेवढाच असेल. दुपारची गाडी आहे. तुम्ही याल?
मी 'हो' म्हणणारच होतो. पण हॉलची किल्ली माझ्याकडे, पातेलं घासायचं, हिशेब रत्नप्रभाताईंना आजच हवाय.
म्हटलं, बघू.
पलीकडे वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, बरं, आणि खडकावरून खाली उतरली असावी, कारण फोन बंद झाला.
पातेलं भिजत घातलंय. जळकं सुटत नाही.