तीनशे बाय चारशेचं तोंड

११ नोव्हेंबर, मंगळवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. तुझ्या वहिनीनं बाल्कनीत टोमॅटो लावलेत. त्यातला एक लाल झाला आणि तो कुणी खायचा यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. तुझी छकुली आता पूर्ण वाक्यं बोलते म्हणे. परवा फोनवर मला मात्र ती एकच शब्द बोलली, "ठेवते."

पत्र बघून तू चक्रावला असशील. पण फोनवर मी कारखान्यातला 'क' काढला की तू म्हणतोस, "दादा, जाऊ दे ना," आणि मी लगेच जाऊ देतो. खरं सांगायचं तर मी वाटच बघत असतो तू तसं म्हणण्याची. म्हणून कागद घेतला. हा तिसरा आहे. पहिले दोन टोमॅटोपाशीच संपले.

आधी माझी बातमी. मी बारीक झालोय. उन्हाळ्यात रक्तातली साखर निघाली आणि डॉक्टरांनी माझ्या ताटाला कात्री लावली. सोळा किलो उतरलो. सगळ्या पँटी दोनदा आत घ्यायला लागल्या; शिंपी म्हणाला, साहेब, आता तिसऱ्यांदा आत घेतली तर दोन्ही खिसे मागे येतील. तू मला बघितलंस तर हसशील. हस, तुला हसायचा हक्क आहे. कारखान्यात बॉयलरच्या ड्रमच्या शॉपमधली सगळी पोरं माझ्या पोटावर हसायची आणि त्यांचा म्होरक्या तू होतास.

शॉपच्या भिंतीवरची ती लोखंडी कडी अजून तिथंच टांगलेली आहे. तीनशे बाय चारशे मिलिमीटर, ड्रमच्या तोंडाच्या बरोबर मापाची, अंड्यासारखी लांबट. नवा माणूस आला की आधी त्याला कडीतून काढायचं आणि निघाला तरच ड्रममध्ये पाठवायचं, ही आपली जुनी रीत. तू पहिल्याच दिवशी सुळकन निघालास, हात वर करून, वर पुन्हा उलटाही आलास. आणि मी, ज्यानं ड्रमच्या आतलं सगळं कागदावर मांडलं, त्याच्या छातीवरच कडी अडायची. हा आमच्याकडचा मोठा विनोद होता. बॉयलर सुधारणारा साहेब स्वतःच्या बॉयलरमध्ये मावत नाही. मीही हसायचो.

मी काय सुधारलं ते तुला तोंडपाठ आहे. तरी लिहितो, कारण हे लिहायला मला आवडतं आणि पुढचं आवडणार नाही. आपला नळ्यांचा बॉयलर; नळ्यांत पाणी, बाहेरून जाळ, वाफ वर ड्रममध्ये. दुखणं एकच होतं, वाफेबरोबर पाण्याचे थेंब पळायचे आणि पुढच्या यंत्राची वाट लावायचे. त्यावर सगळे ड्रम मोठा करायचे. मी उलटं केलं. ड्रमच्या आत दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पेट्या बसवल्या, वाफेला त्यांतून गिरक्या घ्यायला लावल्या, थेंब खाली, कोरडी वाफ वर. ड्रम एका वितीनं लहान झाला. लोखंड वाचलं. सहा वर्षं लागली मला त्या पेट्यांना. त्या सहा वर्षांत दुसरं काही मी नीट केलं असेल तर आठवत नाही.

आता पुढचं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर, शॉपमध्ये कुणी नसताना मी कडी खाली काढली. डोक्यावरून घातली, खांदे तिरके केले आणि आता छातीला अडेल म्हणून थांबलो. ती घोट्यांवर खणकन पडली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आनंद झाला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी मी मिस्त्रींना बोलावून घेतलं. हो, तुझ्या सासऱ्यांना. दोन वर्षं झाली त्यांना निवृत्त होऊन, तरी एका शब्दावर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणालो, "मिस्त्री, मला आत जायचंय. तुम्ही तोंडाशी उभे राहा." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दिवा तपासला, हवेची नळी आत सोडली आणि म्हणाले, "घड्याळ काढून ठेवा, साहेब. अडकतं."

माझ्या ड्रॉइंगमध्ये पेट्यांच्या खाली एक मोकळा पट्टा दाखवलाय, 'माणसाला जागा'. खुर्चीवर बसून, पट्टी लावून तो आखला होता. कागदावर पुरेसा दिसतो. आत गेल्यावर कळलं की त्यात माझं कोपर धरलेलं नाही. गुडघा वाकायला जागा नाही. मान वर केली की पेटी, खाली केली की नळ्यांची भोकं, आणि वळायचं म्हणशील तर वळताच येत नाही. जसं गेलो तसंच मागं सरकत यायचं, पायानं चाचपडत. हे तू मला सांगितलं होतंस. पहिला ड्रम जुळवत होतो तेव्हा माझ्या टेबलाशी येऊन म्हणालास, "दादा, आत वळता येत नाही रे." मी म्हणालो, "तुला आत वळून काय नाचायचंय?" सगळे हसले. तूही हसलास.

मध्यावर पोचलो आणि माझी पाचावर धारण बसली. शर्ट एका बोल्टाला अडकला होता, एवढंच. काही पडलं नव्हतं अंगावर. तरी मला माझाच श्वास ऐकू येईना, नुसते कानांत ठोके. मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. आठवतो तो मिस्त्रींचा आवाज. त्यांनी तोंडातून डोकं आत घातलं होतं.

"साहेब, श्वास सोडा. सगळा सोडा. आता डावा खांदा. घाई नाही. मी कुठं जात नाही."

हे शब्द तुला ठाऊक आहेत. अकरा मिनिटांत बाहेर आलो आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो. मला अकरा मिनिटं. तुला चार वर्षांपूर्वी चार तास दहा मिनिटं, पाठीमागे पडलेली पेटी पोटऱ्यांवर घेऊन, शेजारचा बॉयलर धगधगत असताना.

धाकट्या, त्या दिवशी काय झालं ते मी आता सांगतो. तू आत होतास, तुला फक्त मिस्त्रींचा आवाज येत होता. "कापायचा नाही, जरा दम धर." हे त्यांनीच म्हटलं, तुझ्या कानांनी ऐकलं. पण तो शब्द त्यांचा नव्हता. पेटी पडल्याबरोबर त्यांनी गॅसकटर मागवला होता. पलीकडच्या टोकाला खिडकी कापू, ओली गोणपाटं आत सोडू, वीस मिनिटांत जावई बाहेर, असं ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी तपासनीस येणार होते, पाण्याच्या दाबाची चाचणी होती, माझ्या पहिल्या सुधारलेल्या बॉयलरची. कापलेला ड्रम भंगारात जातो. मालक दुसरा करू देणार नव्हते, तसं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी म्हणालो, "कापू नका. तोंडाकडून एकेक पेटी सोडवा. अर्धा तास लागेल."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, तो तुमचा भाऊ आहे."

मी म्हणालो, "म्हणूनच मला ठाऊक आहे, तो दम धरेल."

मी दहा पावलांवर उभा होतो. तोंडाशी आलो नाही, कारण तू हाक मारली असतीस आणि मला ओ द्यावी लागली असती. अर्धा तास झाला, तास झाला. दोनदा मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, दोनदा मी मान हलवली. मग ते स्वतः अर्धे आत शिरले आणि चार पेट्या हातानं सोडवल्या. त्यांच्या उजव्या हाताची नखं त्या दिवशी गेली.

आणि संध्याकाळी दवाखान्यात तू डोळे उघडून विचारलंस, "दादा, कापला का नाही रे?" तर मी म्हणालो, "मी तर कापाच म्हणत होतो. मिस्त्री ऐकेनात."

एक वाक्य. मी ते ठरवून बोललो नाही, पण बोललो, आणि नंतर चार वर्षं मूग गिळून बसलो. तुझ्या बायकोनं बापाला समोरासमोर विचारलं, "बाबा, तुम्ही कापू दिलं नाहीत?" ते गप्प राहिले. तिनं त्याचा अर्थ लावला आणि माहेरचा उंबरा सोडला. तुम्ही गाव सोडलं. तू रोपवाटिकेत उघड्यावर काम धरलंस, आणि लिफ्ट असूनही चार मजले जिन्यानं चढतोस, व्यायाम म्हणून. मला कुणी सांगायला नको तो कसला व्यायाम आहे.

त्या शनिवारी, जमिनीवर बसल्या बसल्या, मी मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?" त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ, साहेब. तुमच्यात एकदा तुटलं की आईचं घरच मोडलं. माझं काय, मी बाप. मुलगी बापावर किती दिवस रागावेल?" मग पेला परत घेत म्हणाले, "मला वाटलं होतं, नात झाली की येईल."

नात तीन वर्षांची झाली. त्यांनी तिचा आवाजही ऐकलेला नाही.

मी दोन आठवड्यांत नवी ड्रॉइंग काढली. ड्रम पुन्हा वितीनं मोठा, दोन्ही टोकांना तोंड, प्रत्येक पेटी तीन तुकड्यांत, आकड्यावर टांगलेली, पडूच शकणार नाही अशी. मालकांपुढे ठेवली. अकरा बॉयलरचं काम आलंय. ते म्हणाले, "आत एक माणूस अडकला, तोही तुमच्या घरचा, तोही सुटला. आणि फाइलमध्ये काय लिहिलंय? रचना निर्दोष, मिस्त्रींच्या हट्टामुळे विलंब. ते तुम्हीच लिहिलंत ना? मग बदलायचं कशाला?" मी कागद गोळा केले. नव्या कागदांवर त्यांची सही नाही. जुन्या कागदांवर माझी आहे, म्हणून शॉपमध्ये काम सुरूसुद्धा झालं. रोज सकाळी त्या ड्रमवरच्या ठोक्यांच्या आवाजात मी टेबलाशी बसतो, आणि मला थांबवता येत नाही.

थांबवायचं तर फाइल खोटी आहे असं म्हणावं लागतं. काल मी ते लिहून मालकांना दिलं. त्यांनी कागद खणात टाकला आणि मला तब्येत सांभाळायला सांगितलं. शुक्रवारी तपासनिसांकडे जातोय, दुसरी प्रत घेऊन. नोकरीचं काय होईल ते होईल. कुणी मला शूर म्हणू नये. चार वर्षं उशिरा आलेल्याला कुणी शूर म्हणत नाही.

मिस्त्रींना मी सांगितलं की तुला लिहितोय. ते घाबरले. "नका लिहू, साहेब, आता बसलंय ते बसू दे." त्यांना वाटतं तू मला तोडशील. मला ती भीती नाही, आणि हेच तुला सांगायचंय. तू मला तोडणार नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू हे पत्र दोनदा वाचशील, घडी करशील, आणि बायकोला दाखवणार नाहीस. दादाला सांभाळून घेशील. लहानपणापासून माझ्या हातून फुटलेली प्रत्येक काच तू आपल्या नावावर घेत आलास. या वेळीही घेतलीस तर मिस्त्री तसेच राहतील आणि मी वाचेन, आणि मला ठाऊक आहे की मला वाचणं आवडेल.

म्हणून हे सगळं मी आधी तिला लिहिलं. शब्दन् शब्द, नखांसकट. ते पत्र शनिवारीच टाकलं, तिच्या नावानं, ती शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर. मग तुझं लिहायला बसलो. आता फाडून उपयोग नाही, तुला नाही आणि मलाही नाही.

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा कदाचित ती बॅग भरत असेल. तिला थांबवू नकोस, आणि माझ्या बाजूनं एक शब्दही बोलू नकोस. छकुलीला घे आणि तिच्याबरोबर जा. आमच्याकडे उतरू नका, आधी मिस्त्रींकडे. आईला मी सांगेन. मिस्त्री आता पाठीमागच्या खोलीत बसतात आणि आयुष्यभर ड्रमवरचे हातोडे ऐकून त्यांचे कान अधू झालेत. एकदा वाजवून कुणी आलं नाही म्हणून माघारी फिरू नका. दार जोरात वाजवा.

सही करताना 'तुझा' लिहायला हात धजत नाही.

दादा