अविराजची सरी

९ मार्च २०२५, रविवार

खोटं बोललो. बापाशी. तात्यांशी.

सकाळी फोन आला तेव्हा हात कापत होता. कालची उतरली नव्हती. तात्या म्हणाले, "आवाज असा का येतोय तुझा?" म्हटलं, खोलीवर एक पोरगा हाय, लई पितो, झोपू देत न्हाय. "नाव काय त्याचं?" नाव कशाला पायजे? "मग प्रभूला काय सांगू? पिणारा म्हणून? पिणारे पुष्कळ हायती."

खिडकीबाहेर पाण्याचा टँकर उभा होता. मागं रंगवलेलं — अविराज. तेच सांगून टाकलं.

तात्यांनी फोनवरच प्रार्थना धरली. मी नेहमीसारखा फोन खाटेवर ठेवला, बूट घातले. आमेन ऐकू आलं तसा उचलला.

१२ मार्च

वही कंपनीनं दिली. सेफ्टीचं लिहायला. मी दुसरंच लिहितोय.

आठवीतनं शाळा सोडली. बारामतीत गॅरेज, मग दुधाचा टेम्पो, मग इंदापुरात हॉटेल. कुठंच वर्ष काढलं नाही. आई म्हणायची, पायाला भिंगरी बांधूनच जन्मलाय. आता बाडमेरच्या पुढं, त्याच पायांनी विजेच्या टॉवरवर चढतो. वरनं बघितलं तर वाळू, वाळू आणि वाळू. घरी काटेवाडीत असतो तर आत्ता उसाच्या पानानं मान कापली असती. ते पण बरं वाटलं असतं.

१६ मार्च, रविवार

तात्यांनी माझ्या आधी त्याचं विचारलं! "अविराज कसा हाय?"

हाय तसाच म्हटलं. "आईबाप हायती का त्याला?" हायती. "त्यांना फोन करतो का?" म्हटलं, करतो, पण खरं सांगत न्हाय.

मागनं आई ओरडली, "त्याला म्हणावं, उपाशीपोटी पिऊ नगं." तात्या म्हणाले, "अगं, तू त्याला पी म्हणतीस का नगं म्हणतीस?" हसले दोघं. मला हसू आलं नाही.

आज फोन खाटेवर ठेवला नाही.

२० मार्च

दुपारी टॉवरच्या सावलीत पडलो होतो. सावली कसली, नुसत्या रेघा. आणि पाण्याचा आवाज आठवला.

तात्या संभाजीरावांच्या उसाला दारं धरायचे. कॅनॉलची पाळी आली की मला बरोबर न्यायचे. पाटाचं पाणी एका सरीत, उसाच्या दोन ओळींमधल्या चरात, सोडायचं. सरी भरेपर्यंत उभं राहायचं. मग खोऱ्यानं माती ओढून ती बंद करायची, पुढची फोडायची. बाकीचे तेवढ्यात तंबाखू मळायचे. तात्या प्रार्थना करायचे. एक सरी एका लेकराची. पहिली अनिताताईची, दुसरी मोनाची, तिसरी माझी. परत ताईची. असं सगळं रान. सरी भरली की आमेन.

मी म्हणायचो, माझी शेवटी का? म्हणाले, "ताईला भूक लागती, तेवढंच सांगायचं. मोनाला ताप येतो, तेवढंच. तुझं तसं न्हाय. तू जाणार कुठं ते प्रभूलाच म्हाईत. मग तुझी आली की सावकाश बोलतो."

संभाजीराव बांधावरनं चेष्टा करायचे. "रावजी, तुझं ऐकून ऐकून ऊस ख्रिस्ती व्हायचा की रं." तात्या म्हणायचे, "हुंदे मालक. गोड तर ऱ्हाईलच."

मी पाटात पाय सोडून बसायचो. पाणी गार, तळाशी मऊ गाळ. तेव्हा वाटायचं, हे रोजचंच हाय, कुठं जातंय.

२७ मार्च

हातातनं पाना सुटला. पन्नास मीटरवरनं. खाली बिहारचा एक जण दोर धरून उभा होता. पाना त्याच्यापासून हातभर लांब वाळूत रुतला. तो वर बघून शिवी घालून हसला. त्याला वाटलं वाऱ्यानं पडला. वारा नव्हता.

२८ मार्च

तात्यांना मीच फोन केला. म्हटलं, अविराजच्या हातनं पाना पडला, खालचा माणूस वाचला. माझा आवाज फुटला. त्यांनी काही विचारलं नाही. लगेच म्हणाले, "प्रभू, अविराजचा हात धर. सकाळी टॉवरवर जाताना धर. संध्याकाळी बाटलीकडं जाताना आणखी घट्ट धर."

मी आमेन म्हटलं. मोठ्यानं. खूप वर्षांनी.

२९ मार्च

आज नाही.

३० मार्च

आज पण नाही. झोप नाही. अंगाला नुसता घाम.

२ एप्रिल

प्यालो.

६ एप्रिल, रविवार

फोन उचलणार नव्हतो. तीनदा वाजला. "ईस्टरला येतोस न्हवं? अविराजला बी घिऊन ये. तुझी आई त्याच्यासाठी वाकळ शिवायला बसलीय."

आता काय करू? टँकर नेऊ घरी?

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

तीन दिवस नाही. झावळ्यांच्या जागी इथं खेजडीची, वाळूतल्या काटेरी झाडाची, फांदी दिसली. लहानपणी बारामतीच्या चर्चात या दिवशी वाटलेल्या शिंदीच्या पानांनी आम्ही तलवारबाजी करायचो आणि मोना नेमकी डोळ्याला लागलं म्हणून रडायची. तात्या पुढं बसलेले, मागं वळायचे नाहीत. नुसता हात मागं करायचे. मी पान खाली ठेवायचो.

सुट्टी मिळाली. ठरवलंय. जाऊन सांगणार — अविराज नावाचं कुणी नाही.

१९ एप्रिल

घरी. दीड दिवस रेल्वे, मग पुण्याहून एसटी. सांगणार होतो. दारात आई म्हणाली, "एकटाच?" आणि माझ्या तोंडनं निघालं, त्याला सुट्टी मिळाली न्हाय.

तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बस, जेव." वाकळ माझ्याच खाटेवर टाकली.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे उपासना. अनिताताई इंदापूरहून पोरं घेऊन आली. तात्यांनी सगळ्यांची नावं घेतली, अविराजचं पण. मी मान वर केली नाही. उद्या सांगतो.

२१ एप्रिल

सकाळी तात्यांबरोबर दारं धरायला गेलो. पाय पाटात सोडले. तेच गार पाणी. ताईची सरी भरली. मोनाची भरली. माझ्या सरीत पाणी सोडून तात्या डोळे मिटून उभे राहिले.

सरी भरली, तरी बंद करीनात. पाणी कडेच्या वरंब्याच्या माथ्याला लागलं. म्हटलं, तात्या, भरली की.

"तुझं झालं. अविराजचं ऱ्हायलंय."

मग पुढच्या सरीत सोडा की त्याचं.

"त्याची बी हीच हाय. पहिल्या दिवसापासनं हीच हाय." डोळे मिटलेलेच. मग म्हणाले, "खोरं दे."

मी दिलं. हात कापत होता. लपवला नाही.