पाणकणसासाठी पाण्यात गेलो होतो

कोल्हापूर
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. आक्कास माधवचा नमस्कार.

सकाळच्या एसटीने कोडोलीला गेलो, शाळा केली आणि दुसऱ्याचा पायजमा घालून परत आलो. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का?

पायजम्याचं मीच कळवतो, नाहीतर दुसऱ्याकडून कळेल. नववीला पाणथळ जागांचा प्रकल्प आहे. (पाणथळ हा शब्द गावात कोणी वापरत नाही. म्हशीवाल्यांना ते डबरं, बायकांना धुण्याची जागा, आणि गणपतीत तेच तीर्थ.) पाणी एकच, पण ज्याच्या-त्याच्या रीतीप्रमाणे वेगळं दिसतं, एवढंच मुलांना शिकवायचं होतं. म्हणून तळ्यावर नेलं. पाणकणीस जवळून दाखवावं म्हणून चपला काठावर जोडून ठेवल्या, त्यांत घड्याळ आणि चष्मा ठेवला आणि आत गेलो. पाणी गुडघ्याएवढं.

आता बायको जाऊन चार महिने झालेला माणूस, आणि काठावर अशा जोडलेल्या चपला. गावात याचा अर्थ एकच होतो. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. धुणं टाकून शालूबाई ओरडल्या, "बाबासो, पळ! मास्तर निघालं की!" बाबासो म्हशी सोडून दावं घेऊन आला. कणीस न्यायला आलोय, असं मी सांगितलं. "व्हय व्हय, सगळी असंच म्हणत्यात," म्हणत त्याने दावं माझ्या काखेतून घातलं. "आन् सरोजिनीबाईंच्या मागं जायाचंच हुतं, तर पोरांफुडं कशाला, सर?" त्याने ओढलं आणि मी पडलो. तोवर बुडालो नव्हतो, तेव्हा बुडालो.

संयोगिता नावाच्या मुलीने वहीत लिहिलं, "दुःखातल्या माणसाला आमच्या गावात पाण्याजवळ एकटं सोडत नाहीत." बरोबरची खूण केली. दुसरं काय करणार, धडा तोच होता.

मुख्याध्यापकांनी प्रकल्प काढून घेतला. सोमवारपासून महिनाभर रजा घ्या म्हणतात. (एसटीत बसेपर्यंत दोन शिक्षक माझे दोन्ही दंड धरून होते.)

तुझा,
माधव

ता. क. : मुख्याध्यापकांना फोन करून माधव ठीक आहे असं सांग. तुझं ऐकतील. वर्ग आहे म्हणून दिवस जातो. महिनाभर या घरात बसून मी काय करू?

पुन्हा ता. क. : फोन करू नकोस. कणीस काठालाच होतं, हाताला येईल एवढं. ते सोडून मी पुढे गेलो आणि बराच वेळ उभा राहिलो. का, ते सांगता येत नाही. तू चार दिवस येऊन राहा. कुकर झालाय. वाढून घेतो.